ड्रेप, दांडपट्टा आणि मक्याचं शेत

जुलै ते ऑक्टोबर हा अमेरिकेत बारावीच्या मुलामुलींचे फोटो काढण्याचा हंगाम. इथे त्यांना 'सीनिअर पोर्ट्रेट' म्हणतात. या चार महिन्यांत माझ्या गाडीची डिकी रिफ्लेक्टर (चेहऱ्यावर प्रकाश परतवणारा पांढरा पडदा), घडीचं स्टूल, डास पळवायचा स्प्रे आणि सेफ्टी पिनांनी भरलेली असते. मी ओहायो राज्यात राहते. सांगलीला वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, तिथे शिकले. इथे आल्यावर आधी शाळांची कंत्राटं घेणाऱ्या एका कंपनीत काम केलं, मग स्वतःचा व्यवसाय काढला. हंगाम असल्यामुळे या वेळी पत्रंही याच विषयावर जास्त आली, म्हणून सदरात दुसरा विषय घेतलेला नाही.

माझी सून अमेरिकेतच वाढली. तिचा 1995 सालचा बारावीचा फोटो मुलाच्या घरी भिंतीवर आहे. मागे निळा-जांभळा पडदा, खांद्यांवर काळं मखमल, गळ्यात मोत्यांची माळ. आता नात बारावीत गेली. तिचा फोटो परवा व्हॉट्सअ‍ॅपवर आला. मक्याच्या शेतात अनवाणी उभी आहे, अंगात डेनिमचं जाकीट आणि बघतेय भलतीकडेच. हा शाळेचा फोटो कसा? तीस वर्षांत एवढं काय बदललं? — एक आजोबा, सातारा

आजोबा, तुम्ही दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितलेत, याचा मला फार आनंद झाला. घरात भिंतीवर लागलेला फोटो सहसा कुणी पुन्हा नीट बघत नाही.

नातीचे बहुधा दोन फोटो असतील. शाळेच्या वार्षिक पुस्तकात, म्हणजे इयरबुकमध्ये, छापायला एक साधा, छातीपर्यंतचा फोटो लागतो. तो कसा असावा याचे नियम शाळा ठरवते. दुसरा फोटो घरासाठी, नातेवाइकांसाठी आणि स्वतःसाठी काढतात. त्यावर शाळेचा काही हक्क नसतो. तुम्हाला आला तो हा दुसरा. सुनेच्या काळी बहुतेक घरांत एकाच फोटोवर दोन्ही कामं भागायची, म्हणून दोघींत फरक जास्त वाटतो.

हा प्रकार मुळात सुरू झाला तो एकमेकांना फोटो देण्यासाठी. 1839 साली डागेरोटाइप ही फोटो काढण्याची पद्धत आली, पण त्यात तांब्याच्या चांदी चढवलेल्या पत्र्यावर एकच प्रतिमा उमटायची, तिची दुसरी प्रत निघायची नाही. वर्गातल्या चाळीस जणांना आपला फोटो द्यायचा तर चाळीस वेळा बसायला हवं. पुढे काचेच्या निगेटिव्हवरून कागदावर हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्या. 1860 च्या आसपास मॅसॅच्युसेट्समधला जॉर्ज वॉरन नावाचा छायाचित्रकार हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा कॉलेजांमध्ये जाऊन शेवटच्या वर्षाच्या मुलांचे फोटो काढायचा. मुलं एकमेकांचे फोटो विकत घ्यायची, त्यावर सह्या घ्यायची आणि चामड्याच्या अल्बममध्ये बांधून घ्यायची. इयरबुकचं बीज त्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हाफटोन छपाई आली, फोटो थेट पुस्तकात छापता येऊ लागले, आणि ही रीत कॉलेजांतून हायस्कुलांत उतरली.

स्टाइल बदलत गेली ती बरीचशी हातातल्या साधनांमुळे. 1940-50 च्या दशकात मोठा कॅमेरा, तापणारे दिवे आणि काळीपांढरी फिल्म होती. त्यामुळे मुलाला स्टुडिओतच यावं लागे, आणि हलायचं नाही अशी ताकीद मिळे. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं मुरमं बुजवत. घरच्या प्रतीत गाल आणि ओठ तैलरंगांनी रंगवत. सांगलीत माझे वडीलही हेच करायचे, काडीला कापूस गुंडाळून. ओहायोत एका जुन्या स्टुडिओवाल्यांच्या गोदामात मी 1952 सालचा रंगवलेला सीनिअर पोर्ट्रेट बघितला, तेव्हा गालांवरचा तो गुलाबी रंग बघून मला आमच्या स्टुडिओतला टर्पेंटाइनचा वासच आला.

सत्तरच्या दशकात रंगीत फोटो सर्वसाधारण झाले, आणि त्यांच्यासोबत धूसरपणाची लाट आली. लेन्सपुढे मऊ फिल्टर लावायचा, कडा विरघळवायच्या. त्याच सुमाराला डबल एक्स्पोजर आलं: एक चेहरा समोरून, आणि वरच्या कोपऱ्यात काळोखात तरंगणारा त्याच मुलीचा एका बाजूनं दिसणारा चेहरा. आज लोक त्याला हसतात. मला हसू येत नाही. एकाच फिल्मवर दोनदा अचूक प्रकाश टाकणं हे कसबाचं काम होतं, आणि 'ही मुलगी दिसते तेवढीच नाही, आत आणखी कुणीतरी आहे' असं सांगण्याचा तो मनापासूनचा प्रयत्न होता. ऐंशीच्या शेवटी आडव्यातिडव्या लेझर किरणांचे पडदे आले. सूनबाईंचा निळा-जांभळा पडदा त्यांच्या पाठोपाठचा.

मग 2000 नंतर डिजिटल कॅमेरे आले आणि फिल्मचा खर्च गेला. पूर्वी एका मुलासाठी आठ-दहा वेळा बटण दाबायचे, आता पाचशे वेळा दाबलं तरी चालतं. चालता-बोलता, हसता-हसता फोटो काढणं परवडू लागलं. 2010 मध्ये इन्स्टाग्राम आलं, आणि मुलं माझ्याकडे आपल्याला कसा फोटो हवा त्याचे नमुने फोनवर घेऊन येऊ लागली. कोठार, पूल, रानफुलं, मक्याचं शेत. गावाबाहेरचे स्टुडिओ त्याआधीही मुलांना बागेत न्यायचे, पण आता ती अपेक्षाच झाली.

एक मात्र लक्षात घ्या, आजोबा. नातीचा फोटो 'सहज' दिसतो, म्हणून तो सहज निघालेला नाही. इथे जुलैच्या शेवटीही सूर्य रात्री नऊच्या सुमाराला मावळतो. आम्ही पावणेआठला शेताशी पोहोचतो, आधी शेतकऱ्याला विचारलेलं असतं. मका मुलीच्या खांद्याच्या वर गेलेला असावा लागतो, म्हणजे जुलैचा शेवट. सूर्य तिच्या पाठीमागे, समोर माझा रिफ्लेक्टर. आणि 'माझ्याकडे बघू नकोस, त्या झाडाकडे बघ' हे वाक्य मीच म्हणते. सुनेला 1995 मध्ये कुणीतरी 'हनुवटी थोडी डावीकडे' म्हटलं होतं, तसंच हे. तीस वर्षांनी तुमच्या नातीची मुलगी हा फोटो बघून विचारणार, की सगळ्या मुली तेव्हा शेतात का उभ्या राहायच्या?

अनवाणी का, ते मात्र तिलाच फोन करून विचारा. काही मुलींना बुटांची टाच मातीत रुतते म्हणून काढावे लागतात. काहींचं कारण वेगळं असतं आणि ते ऐकण्यासारखं असतं.

शाळेनं नेमलेल्या फोटोग्राफरकडून पत्र आलंय: मुलींना ड्रेप, मुलांना टक्सिडो. आम्ही चांगल्या फोटोंसाठी बाहेरची फोटोग्राफर ठरवली आहे, मग शाळेच्या फोटोला जायलाच हवं का? शिवाय माझी मुलगी ड्रेप घालायला तयार नाही. तिला कोट घालायचाय. — एक आई, एडिसन, न्यू जर्सी

जायला हवं. बऱ्याच शाळांत इयरबुकसाठी फक्त त्या नेमलेल्या कंपनीचाच फोटो चालतो, कारण सगळ्या पानांवर पार्श्वभूमी आणि डोक्याचा आकार सारखा लागतो. काही शाळा बाहेरचा फोटो घेतात, पण मापं आणि शेवटची तारीख ठरलेली असते. ती तारीख बहुधा सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या मध्ये कुठेतरी येते आणि ती टळली की नावाखाली रिकामा चौकोन छापला जातो. पत्र आलं त्याच दिवशी तारीख कॅलेंडरवर लिहा. इयरबुकचा फोटो काढून घेतला म्हणून त्यांच्याकडून प्रती विकत घ्याव्याच लागतात असं नसतं. बसण्याची फी आहे का, आणि इयरबुकपुरती बैठक फुकट आहे का, एवढं विचारून घ्या.

आता ड्रेप. तुमच्या मुलीनं तो बघितला नसेल, म्हणून सांगते. ड्रेप म्हणजे काळ्या मखमलीचा पट्टा. खांद्यांभोवती गुंडाळून मागे चिमट्यानं आवळायचा, की समोरून उघड्या गळ्याचा झगा घातल्यासारखा दिसतो. मुलांचा टक्सिडो, म्हणजे समारंभाचा काळा कोट, तर पाठीकडून उघडाच असतो. पुढे शर्टाचा नुसता छातीएवढा तुकडा आणि शिवलेला बो. मी कंपनीत होते तेव्हा एका दिवसात दीडशे मुलं व्हायची. सत्तर मिलिमीटरच्या लांब रोलवर प्रत्येकाची चार-पाच चित्रं. एक मूल उठलं की त्याच्या अंगावरचा तोच अर्धा कोट पुढच्याच्या अंगावर. सगळ्यांनी वापरून त्या कोटाची कॉलर दुपारपर्यंत ओली व्हायची.

तरीही ड्रेपच्या बाजूनं मला बोलायचंय. पानावर ज्याच्या घरी दहा कोट आहेत तो आणि ज्याच्या घरी एकही नाही तो शेजारी शेजारी सारखे दिसतात. एका मुलीची आई रात्रपाळीला जाताना तिला सोडून गेली होती. मुलीच्या अंगात बर्गर विकणाऱ्या दुकानाचा गणवेश होता, कारण इथून ती थेट कामावर जाणार होती. मी तिला ड्रेप गुंडाळला आणि ती आरशात स्वतःकडे बराच वेळ बघत राहिली. नंतर रांगेतल्या मैत्रिणीपेक्षा ती काही वेगळी दिसली नाही. कपड्यांची ही बरोबरी मला आजही मोलाची वाटते.

न पटणारी गोष्ट एवढीच की मुलींना उघडे खांदे आणि मुलांना बंद गळा ही वाटणी आधीच करून ठेवलेली आहे. तुमची मुलगी या बाबतीत पहिली नाही. मिसिसिपीतल्या एका विद्यार्थिनीनं टक्सिडोत फोटो काढला, आणि शाळेनं तो इयरबुकमधून वगळला. 2010 मध्ये अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेनं तिच्या बाजूनं दावा लावला. पुढच्या वर्षी समझोता झाला आणि तिथल्या शाळांनी मुलगे-मुली सगळ्यांना एकच पोशाख ठरवला: पदवीचा झगा आणि टोपी. बरोबरी राहिली आणि वाटणी गेली. हा मार्ग मला सगळ्यात चांगला वाटतो.

तुम्ही आत्ताच, फोटोच्या दिवसाआधी, मुख्याध्यापकांना ईमेल लिहा. 'मुलगी टक्सिडोचा पर्याय निवडते आहे, कृपया कंपनीला कळवा,' एवढं दोन ओळींत पुरे. पुष्कळ शाळा आता लगेच हो म्हणतात. पण ऐन दिवशी रांगेत वाद झाला, तर कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या तात्पुरत्या माणसाच्या हातात निर्णय नसतो, आणि मुलगी रडून लाल झालेल्या डोळ्यांनी पुस्तकात जाते. मी कॅमेऱ्यामागची ती तात्पुरती बाई होते, म्हणून सांगते.

मुलाला रेल्वे रुळांवर फोटो हवाय. त्याच्या सगळ्या मित्रांनी काढलेत. तो मार्ग फारसा वापरात नाही. — एक बाबा, फ्रिस्को, टेक्सस

नाही. रूळ रेल्वे कंपनीच्या मालकीचे असतात आणि त्यांवर उभं राहणं हा अतिक्रमणाचा गुन्हा आहे. पण तो मुद्दा दुसरा. ऑपरेशन लाइफसेव्हर ही रेल्वे सुरक्षेसाठी काम करणारी संस्था 1972 पासून लोकांना समजावते आहे, आणि बारावीच्या फोटोंबद्दल ती मुद्दाम इशारा देते. पंचावन्न मैलांच्या वेगानं येणाऱ्या मालगाडीला थांबायला मैलभर किंवा त्याहून जास्त अंतर लागतं. कॅमेऱ्यातून बघताना मी एका डोळ्यानं जग बंद करते, दुसऱ्यानं फक्त मुलाचा चेहरा बघते. गाडी येतेय हे मला सगळ्यात शेवटी कळेल. 'फारसा वापरात नाही' याचा अर्थ वेळापत्रक नाही, एवढाच होतो.

मुलाला त्या फोटोत काय आवडतं ते विचारा. बहुतेक वेळा दूरवर एका बिंदूत मिळणाऱ्या दोन रेषा हव्या असतात. त्या लाकडी पादचारी पुलावर मिळतात, शाळेच्या धावपट्टीवर मिळतात, द्राक्षमळ्याच्या ओळींत मिळतात. कुणी फोटोग्राफर रुळांवर न्यायला तयार असेल, तर त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका.

काकू, मी सतरा वर्षांची आहे. माझे सीनिअर फोटो आले, त्यात मी माझ्यापेक्षा दोन शेड गोरी आहे. फोटोग्राफर म्हणाली, 'ग्लो' दिलाय. आईला तेच फोटो आवडलेत. ती म्हणते, दातांच्या तारा पण काढून टाकायला सांग. मी सावळी आहे आणि मला तशीच हवी आहे. तारा मला चालतील. मी भांडू का? — सॅन होजे, कॅलिफोर्निया

बाळा, फोटोग्राफरशी भांड. आईशी नको, आईला आधी ही माहिती दे.

रंगीत फिल्म बनली तेव्हा तिचा रंग जुळवायला प्रयोगशाळांत एक नमुना-कार्ड असायचं. त्यावर एक गोरी बाई. या कार्डांना 'शर्ली कार्ड' म्हणायचे. त्या बाईचा गाल बरोबर दिसला की मशीन बरोबर लागलं असं समजायचे. तिच्या गालावर बेतलेल्या मशीनमधून सावळी आणि काळी मुलं गेली की चेहऱ्यावरचे बारकावे बुडायचे, नुसते दात आणि डोळे उरायचे. गोऱ्या आणि काळ्या मुलांचा एकत्र वर्गफोटो काढला की हे उघड दिसायचं, आणि काळ्या मुलांच्या आयांनी तशा तक्रारीही केल्या होत्या. कोडॅकनं तपकिरी छटा सुधारायला घेतल्या त्यामागे फर्निचर आणि चॉकलेटच्या जाहिरातवाल्यांच्या तक्रारीही होत्या, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या दिवशी मला पुढे काम झालं नाही. लाकडाच्या रंगासाठी फिल्म बदलली जाते! वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेलं कार्ड नव्वदच्या दशकात आलं.

आता डिजिटलमध्ये ती अडचण नाही. तुझा रंग जसाच्या तसा टिपता येतो. म्हणजे तुला गोरं करणं ही आता यंत्राची मर्यादा उरलेली नाही, तो कुणीतरी घेतलेला निर्णय आहे. कदाचित वाईट हेतूनं नाही. तयार सॉफ्टवेअरची एक कळ दाबली की त्वचा गुळगुळीत आणि उजळ होते, आणि हंगामात दर आठवड्याला पंधरा मुलं असली की ती कळ दाबली जाते. तू तिला लिही: 'मूळ रंग ठेवून फोटो पुन्हा हवेत. मनगट आणि चेहरा यांचा रंग जुळला पाहिजे.' मनगटाची ही खूण चांगल्या फोटोग्राफरला लगेच समजते, कारण उजळवताना सगळे चेहऱ्याकडे बघतात आणि हात विसरतात. यात जास्तीचे पैसे द्यायचं काही कारण नाही.

माझा स्वतःचा नियम असा: पंधरा दिवसांत आपोआप जाणारं मी काढते, राहणारं ठेवते. मुरूम जातो, ओरखडा जातो. तीळ राहतो, व्रण राहतो, रंग राहतो. हा नियम मी चूक करून शिकले. कंपनीत असताना एका मुलाच्या ओठावर जन्मापासूनच्या फटीच्या शस्त्रक्रियेची रेघ होती. ऑर्डर फॉर्मवर रिटचिंगचा, म्हणजे फोटोतले डाग-रेघा पुसण्याचा, चौकोन होता. मी त्याच्या आईला न विचारता, चांगुलपणानं, त्यावर खूण केली. फोटो आला तेव्हा त्याचे वडील आठ बाय दहाची प्रत परत घेऊन आले. रागावले नाहीत. म्हणाले, 'या रेघेसाठी आम्ही तीन ऑपरेशनं केली आहेत.' मी पुन्हा प्रिंट काढून द्यायला सांगितलं आणि त्या दिवसापासून विचारल्याशिवाय कुणाच्याही चेहऱ्याला हात लावलेला नाही.

तारांचं तू ठरव, त्या तुझ्या तोंडात आहेत. त्या दोन वर्षांत जाणार, म्हणजे माझ्या नियमाच्या मधोमध बसतात, म्हणून मी नेहमी मुलालाच विचारते. जवळजवळ सगळी मुलं 'राहू द्या' म्हणतात. आया 'काढा' म्हणतात.

आणि आईबद्दल. तुझ्या आईच्या लहानपणी तिला कुणी 'उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील' म्हटलं नसेल असं होणार नाही. मलाही म्हटलंय, रोज. तिला उजळ फोटो आवडतो, त्यात तुझ्याविषयी काही कमीपणा नाही, तिला स्वतःला जे ऐकावं लागलं ते आहे. खरे रंग लावलेला फोटो आला की तिला दोन्ही शेजारी दाखव आणि काही बोलू नकोस. तिला बघू दे.

पुढे कुणालाही फोटोग्राफर सुचवताना त्यांच्या नमुन्यांत सावळी मुलं आहेत का ते बघ. भर दुपारच्या उन्हात कुणाचंच भलं होत नाही, पण आपल्यासारख्यांच्या चेहऱ्यावर मोठा, मऊ, एका बाजूनं येणारा प्रकाश फार सुंदर खेळतो. खिडकीजवळचा, ढगाआडचा. ज्यांना तो वापरता येतो त्यांना उजळवावं लागत नाही.

माझा मुलगा मराठी मंडळात मर्दानी खेळ शिकला. त्याला इयरबुकमध्ये दांडपट्टा घेतलेला फोटो हवा आहे. शाळा नाही म्हणते. लढावं का? — एक आई, नॉर्थ कॅरोलिना

तुमचा प्रश्न वाचून मला ऱ्होड आयलंडमधला मुलगा आठवला. मध्ययुगीन इतिहासाचा त्याला नाद होता. 2006 मध्ये त्यानं साखळ्यांचं चिलखत घालून, खांद्यावर तलवार ठेवून सीनिअर पोर्ट्रेट काढला. शाळेनं शस्त्रबंदीच्या नियमावर बोट ठेवून तो नाकारला. प्रकरण राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे गेलं, आणि 2007 च्या सुरुवातीला निकाल मुलाच्या बाजूनं लागला.

म्हणजे लढून मिळू शकतं. पण ते दुसऱ्या राज्यातलं होतं, तुमच्या शाळेला ते बांधील नाही. आणि त्या मुलानं शाळेतलं शेवटचं वर्ष ज्या गोष्टीत घालवलं, ते तुमच्या मुलाला हवंय का, हे त्यालाच विचारा. मी त्याच्या जागी असते तर इयरबुकला साधा फोटो दिला असता आणि 'छंद' म्हणून आतल्या पानावर खेळाच्या प्रात्यक्षिकाचा फोटो घ्या, असा अर्ज इयरबुकच्या संपादक मुलांकडे केला असता. ही पानं मुलंच जुळवतात. त्यांना असं काही हवंच असतं.

दांडपट्ट्याचा खरा फोटो मात्र जरूर काढा, घरासाठी. आणि तो उभा करून काढू नका. पट्टा फिरताना काढा. शटर एक-साठांश सेकंदावर ठेवला तर पात्याचा पंखा होतो आणि चेहरा, तो स्थिर ठेवू शकला तर, स्पष्ट राहतो. मैदान मोकळं हवं, जवळच्या घरांना आणि पोलिसांच्या बिगर-आणीबाणी क्रमांकाला आधी कळवा. इथे दुरून कुणाला शस्त्र दिसलं तर फोन जातो, आणि ते प्रकरण कुणालाच नको. मी दोन वर्षांपूर्वी लेझीम पथकातल्या एका मुलीचा असा फोटो काढला. ती सोळा मिनिटं न थांबता खेळली. शेवटच्या मिनिटातला फोटो निवडला, कारण तोवर ती मला विसरली होती.

मुलीच्या फोटोची मोठी प्रत विकत घेतली. ती स्कॅन करून आजीसाठी दुसरी काढायला दुकानात गेलो, तर त्यांनी नकार दिला. पैसे आम्ही दिले, मुलगी आमची, मग फोटो आमचा नाही? आणि आता फोटोग्राफर 84 डिजिटल फोटोंचं पॅकेज घ्या म्हणतोय. — एक बाबा, नेपरव्हिल, इलिनॉय

कायद्यानं तुम्ही कागद विकत घेतला. चित्राचा कॉपीराइट, लेखी दुसरं काही ठरलं नसेल तर, काढणाऱ्याकडे राहतो. म्हणून दुकानं व्यावसायिक दिसणाऱ्या फोटोची परत प्रत काढून देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. तुम्हाला लागतं ते 'प्रिंट रिलीज', म्हणजे प्रती काढायच्या परवानगीची चिठ्ठी. ती पॅकेजमध्ये आहे का ते विचारा. ती नसेल तर डिजिटल फाइल हातात असूनही तुम्ही आत्ता आहात तिथेच राहाल. खरं तर हे बुकिंगच्या दिवशी विचारायचं असतं. बसण्याची फी कमी आणि फायलींचा भाव नंतर, ही या धंद्यातली जुनी रीत आहे आणि मला ती आवडत नाही. मी सगळे आकडे एका कागदावर आधी देते.

84 घेऊ नका. मुलीला बसवा, तिला दहा निवडू द्या, त्यातले तीन तुम्ही निवडा. तिनं निवडलेला एखादा तुम्हाला आवडणार नाही. तोही घ्या.

आणि एका फोटोच्या वॉलेट प्रती काढा. अडीच बाय साडेतीन इंचाच्या, आठ बाय दहाच्या एका कागदात आठ बसतात. फोनच्या आधी सगळी मुलं त्या पाकिटात बाळगायची आणि एकमेकांना द्यायची, मागे काहीतरी लिहून. आता ते जवळजवळ बंद झालंय. गेल्या वर्षी मी प्रत्येक मुलाला एक कागद, म्हणजे आठ प्रती, माझ्याकडून द्यायला लागले, सोबत बारीक टोकाचं कायम शाईचं पेन, कारण साधी शाई त्या कागदावर पसरते. मुलं विचारतात, मागे काय लिहायचं? मी त्यांना माझ्या खणातल्या जुन्या प्रती दाखवते. कंपनी बंद झाली तेव्हा हाती आलेल्या, 1970-80 च्या. एकीच्या मागे निळ्या शाईत एवढंच आहे: 'केमिस्ट्रीत तू शेजारी बसलास म्हणून मी पास झाले.' आजीची प्रत मुलीनं स्वतः लिहून पाठवावी. मराठीत येत नसेल तर येईल तसं.